मधल्या खोलीचं दार

"वैनी, हे टेबल न्हाई, हे दार हाय," जोतीराम सुतार करवत हातात धरून म्हणाला.

"माहितीय मला. तुमी कापा."

"आवं पण दार कापायचं म्हंजे..."

"ते दार माझ्या लग्नाआधीपासनं माळ्यावर पडून आहे, जोतीरामभाऊ. आता ते टेबल होणार. कापा बघू."

त्यानं कापलं. वीतभर तुकडा खाली पडला आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पाटण तालुक्यात माझ्याइतकी डोकेबाज बाई दुसरी नसेल, असं मला त्या घडीला अगदी मनापासनं वाटलं.

मी संयोगिता. माहेर शिराळ्याचं, सासर कोयनानगरच्या अलीकडच्या वाडीतलं. नवरा वीरधवल फौजेत, सध्या पार राजस्थानात. घरात सासू, सासरे आणि मी. लग्नाआधी कराडात एका विमा एजंटाच्या ऑफिसात मी फोन सांभाळायचे, आणि फोनवर मला कुणी गप्प केल्याचं आठवत नाही. लग्न झालं आणि ते काम सुटलं. घरातलं केलं, शेतातलं केलं, पण फोन वाजला की अजून हात शिवशिवायचे. अशात पुण्याच्या एका विमा कंपनीनं घरबसल्या मराठी फोन घ्यायला माणसं शोधायला सुरुवात केली. मी अर्ज केला, परीक्षा दिली, पास झाले. फक्त खोली पास व्हायची राहिली होती. कंपनीची बाई व्हिडिओवर कामाची जागा बघणार. पसंत पडली तर काम माझं, नाही पडली तर पुढच्या बाईचं. पुण्यात जाऊन राहणं मला जमणारं नव्हतं. म्हणजे सगळं त्या खोलीवर आलं होतं, आणि हे काम मला हवं होतं. लय हवं होतं.

तेव्हा मी मधली खोली हाती घेतली. पैसा बेताचा, पण नजर शाबूत होती. वीरधवलच्या काळ्या फौजी ट्रंका होत्या, वर पांढऱ्या रंगात त्याचं नाव लिहिलेल्या. त्या एकावर एक अशा दोन बाजूंना रचल्या, मधे पाय जायला जागा ठेवली आणि वर हे दार आडवं टाकलं. खिडकी आणि भिंतीच्या मधे ते मावेना, म्हणून तर कापलं. वायर खाली सोडायला जोतीरामकडनं एक भोकही पाडून घेतलं. खुर्ची कराडच्या जुन्या बाजारात मिळाली. बंद पडलेल्या कुठल्याशा क्लासची होती, चाकं धड होती, फक्त गादी फाटलेली. सासूबाईंनी जुन्या लुगड्यांची वाकळ शिवून तिच्या बुडाला आणि पाठीला बांधली. बसले तर कंबर अशी सुखावली की उठावंसं वाटेना. लॅपटॉप डोळ्यांच्या रेषेत यावा म्हणून खाली पिठाचा रिकामा डबा ठेवला, कीबोर्ड वेगळा घेतला, पायाखाली पाट. आमच्या घरावर पत्रा आहे, खोलीत बोललं की आवाज घुमतो, म्हणून तिन्ही भिंतींना वाकळा टांगल्या. उजेड खिडकीतनं डाव्या हाताला. डोक्यावर मात्र काही ठेवलं नाही. फळी नाही, फोटो नाही. कोयनेच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. इथं जमीन अधनंमधनं अंग झाडते, आणि डोक्यावर जड वस्तू ठेवणाऱ्याला आमच्याकडं खुळा म्हणतात.

आता दाराबद्दल सांगायलाच हवं. आमच्या घरात कडी नाही. कुठंच नाही. आमचे मामा, म्हणजे माझे सासरे लालासाहेब, धरणाच्या वीजघरात नोकरी करून निवृत्त झालेले. माणूस शांत, कुणाला अरे म्हणून बोलणार नाही, पण दाराला कडी दिसली की स्क्रू ड्रायव्हर घेऊन उठलेच. आतल्या खोल्यांची तर दारंच त्यांनी काढून टाकली, तिथं पडदे. न्हाणीला तेवढं लोटायचं दार, त्यालाही कडी नाही. आत असलं की खाकरायचं. नवी नवरी होते तेव्हा न्हाणीत खाकरून खाकरून माझा घसा बसला होता. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "पोरगी गुणाची हाय, पण छाती नाजूक दिसतीया." मामा लहानपणी सदुसष्टच्या भूकंपातनं वाचले एवढं मला ठाऊक होतं. कडीचं कारण तेच, हेही कळलं होतं. पण त्या गोष्टीवर घरात कुणी बोलायचं नाही. मग मीही विचारलं नाही. खाकरायची सवय लागली, पडद्याची सवय लागली. माणसाला कशाचीही सवय लागते.

आणि त्या सवयीनंच माझा घात केला.

कंपनीच्या प्रियदर्शनी मॅडम व्हिडिओवर आल्या. आवाज कडक, पण चेहरा बरा. मी फोन फिरवून सगळं दाखवलं. खुर्ची बघून त्या हसल्या, वाकळीवरचं टाक्याचं काम जवळनं दाखवा म्हणाल्या. टेबल आवडलं. ट्रंकेवरचं नाव वाचून त्यांनी वीरधवलची चौकशी केली. मी मनात म्हटलं, संयोगिता, जिंकलीस!

"छान," मॅडम म्हणाल्या. "आता फक्त दार लावून दाखवा."

मी ऐटीत पडदा ओढला.

"पडदा नको. दार."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी पडद्याकडं बघितलं, मग टेबलाकडं बघितलं. दारावर लॅपटॉप ठेवून, दारावर कोपरं टेकून मी त्या बाईला दार दाखवायला निघाले होते! कंपनीनं आधीच कळवलं होतं, खोलीला दार हवं. मी वाचलं होतं, 'आहे' असं ठोकूनही दिलं होतं. इतकी वर्षं या घरात राहून माझ्या लेखी पडदा हेच दार झालं होतं, दुसरं काय!

"मॅडम, दार आहे," म्हटलं. "बसवायचं राहिलंय."

"संयोगिताताई, लोक आपली दुखणी फोनवर सांगतात. कुणाचं ऑपरेशन, कुणाची पॉलिसी. घरातल्यांच्या कानावर ते जाता कामा नये. बंद दाराशिवाय मला खोली पास करता येणार नाही. परवा सकाळी परत बघते. तेव्हाच एक खरा कॉलही देईन, मी ऐकत असेन. त्या दिवशी जमलं नाही, तर मात्र माझा नाइलाज आहे."

त्यांनी फोन ठेवला. मी तशीच बाहेर गेले. मामा अंगणात बसून विळ्याची मूठ नीट करत होते.

"मामा, मधल्या खोलीला दार बसवायचंय."

"न्हाई," मामा म्हणाले. वर बघितलंही नाही.

"आवं, माझ्या कामाचा प्रश्न आहे."

"काम कर की. कोण नको म्हणतंय? दार न्हाई बसायचं."

माझा राग तुम्हाला माहीत नाही. आला की आधी तोंडात येतो, डोक्यात मागनं पोचतो. मी म्हटलं, "इतकी वर्षं न्हाणीत खाकरत बसले, तेव्हा चकार शब्द काढला नाही. पण आता तुमच्या भीतीपायी माझं काम जाणार असेल तर मी नाही गप्प बसायची! भूकंप होऊन आयुष्य गेलं, मामा. दार म्हणजे काय वाघ आहे?"

मामांच्या हातातला विळा थांबला. ते उठले, पायात चप्पल घातली आणि बांधाकडं चालते झाले. त्यांची पाठ बघून मला वाटलं, जीभ जरा आवरली असती तर बरं झालं असतं.

सासूबाई, मनुबाई, चुलीजवळनं सगळं ऐकत होत्या. पदराला हात पुसत त्या बाहेर आल्या आणि माझ्याशेजारी पायरीवर बसल्या.

"तानी म्हायतीय का तुला?" त्यांनी विचारलं.

"कोण तानी?"

"यांची धाकली भन. मी तिला बघितली न्हाई, लग्नाच्या आदीची गोष्ट. यांनी मला एकदाच सांगितलं, परत कवा नाव काडलं न्हाई. पहाटंचा भूकंप तो. हे भाईरच्या सोप्यात झोपल्यालं, म्हणून पळालं. तानी आतल्या खोलीत. दार आत उघडायचं, आणि आतली भिंत त्या दारावरच पडली. पोरगी आतनं वरडतीया, दादा, दार उघड, दादा, दार उघड. आणि ह्ये भाईरनं ढकलत्यात. केवढं व्हतं गं पोरगं ते! मोठी माणसं येऊन दार फोडस्तवर तिचा आवाज थांबला व्हता."

 सासूबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तू चुकली न्हाईस," त्या म्हणाल्या. "तुला कुणी सांगितलंच न्हाई. जा, बोलव त्यांना. भाकरी व्हत आली."

मी बांधावर गेले. मामा शेवग्याखाली बसले होते.  मी शेजारी बसले आणि म्हटलं, "मामा, मी वाघ म्हणाले ते चुकलं. मला तानीबद्दल माहीत नव्हतं. दार नको. मी कंपनीला कळवते, जमणार नाही म्हणून."

हे बोलताना मला वाईट वाटत होतं. खोटं कशाला सांगू, तानीसाठी थोडं आणि माझ्या कामासाठी जास्तच.

मामांनी पायात चप्पल सरकवली.

"दार किती कापलंस गं?" त्यांनी एकदम विचारलं.

"वीतभर. का?"

"चल, दाव."

घरी आल्यावर त्यांनी टेबलावरचं सगळं स्वतःच्या हातानं खाली काढलं आणि दार उचलून चौकटीत उभं केलं. वर टेकलं, तर खाली वीतभर फट राहिली. मग त्यांनी मला आत पाठवलं, दार धरून उभं राहायला सांगितलं आणि स्वतः बाहेर जमिनीवर आडवे झाले. हा म्हातारा माणूस, गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या पायऱ्या चढत नाही, तो फरशीवर पोटावर झोपलेला! दाराखालनं त्यांचा हात आत आला. कोपरापर्यंत आला.

"हात दे," बाहेरनं आवाज आला.

मी वाकून हात दिला. त्यांनी तो घट्ट धरला आणि जोरानं हलवून बघितला.

"हां," मामा म्हणाले. "आसं दार आसंल तर बसवू."

अटी मात्र त्यांनी घातल्याच. दार बाहेर उघडेल असं बसवायचं. कडी लावायची नाही. आणि खालची फट कुणी बुजवायची नाही, कंपनीचा साहेब आला तरी. मी सगळ्याला हो म्हटलं. जोतीरामला बोलावते म्हटलं तर तेही नाही, बिजागऱ्या मामांनी स्वतः ठोकल्या. एकेक खिळा ठोकताना ते दार ढकलून बघायचे, बाहेर उघडतंय ना, आणि मगच पुढचा खिळा. वायरीचं भोक नेमकं नाकासमोर आलं होतं, त्यावर सासूबाईंनी देवाचं कॅलेंडर लावलं.

"पण आता टेबल?" सासूबाईंनी विचारलं.

मामा आत गेले आणि त्यांच्या दिवाणाची एक फळी काढून घेऊन आले. "मला एवढा रुंद दिवाण कशाला? मी काय पैलवान हाय?" ट्रंकांवर ती फळी जणू मापाची बसली. दारापेक्षा गुळगुळीत निघाली, हे मी जोतीरामला अजून सांगितलेलं नाही.

ठरल्या दिवशी मी सकाळी आंघोळ करून, साडीला पिन लावून, हेडफोन घालून बसले. बाहेर मामांनी दाराच्या कडेला, उघडताना लागणार नाही अशा जागी, आपलं स्टूल मांडलं होतं. कुकर लावायचा नाही, मिक्सर लावायचा नाही, असं त्यांनी घरात फर्मान काढलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "मग ह्यो मानूस शिंकला तर?" मामा म्हणाले, "न्हाई शिंकत."

"मामा," मी दार ओढताना म्हटलं, "कॉल चालू असताना दार उघडायचं नाही. कसंही झालं तरी. उघडलं की माझं काम गेलं."

त्यांनी मान हलवली. त्यांचा चेहरा उतरला होता, पण मान हलवली. आणि माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा त्या घरातली एक खोली बंद झाली.

प्रियदर्शनी मॅडमनी दार बघितलं. वरनं खाली बघत गेल्या आणि खाली थांबल्या.

"ही फट मोठी आहे. तिथं कापड लावा."

"कापड नाही लावणार, मॅडम."

"म्हणजे?"

"दार हवं होतं, ते आहे. खोलीतलं बोलणं बाहेर जात नाही, वाकळा लावल्यात, आम्ही बोलून बघितलंय. पण ती फट राहणार. तुम्ही कॉल द्या, ऐका, आणि मग ठरवा."

त्या जरा चमकल्या असाव्यात. माझी मलाच धडकी भरली होती, पण आवाजात ती येऊ दिली नाही. एवढं मला येतं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "घरातला आवाज आला तर मात्र बघा."

कॉल आला. जतकडची एक बाई होती, पद्मावती नावाची. नवऱ्याचं ऑपरेशन झालेलं, दवाखान्याचे कागद कंपनीनं परत पाठवलेले. ती आधी भांडली, मग रडायला लागली. मी तिला रडू दिलं. मग म्हटलं, "ताई, कागद समोर घ्या. आपण दोघी मिळून बघू." बंद दाराच्या आत, त्या खुर्चीत, कंबर टेकून मी बोलत होते आणि मला वाटलं, हे माझं आहे. हे मला येतं. कराडचा फोन मी काल ठेवला आणि आज उचलला, इतकं सोपं वाटलं.

आणि तेव्हाच पत्रा वाजला.

आधी पत्रा, मग डबा, डब्यावरचा लॅपटॉप थरथरला, ट्रंकांच्या कड्या खुळखुळल्या. हादरा. आमच्याकडं असे येतात आणि जातात, पण आला की माणूस बाहेर पळतो, पाय आपोआप उठतात. माझेही उठले. कानात पद्मावती विचारत होती, "मॅडम, मग पुढं काय लिहू?"

मी दाराकडं बघितलं. आता ते उघडणार. मामा उघडणार, कसे नाही उघडणार? आणि उघडलं तरी मी त्यांना एक शब्द बोलणार नाही, काम गेलं तर जाऊ दे, असं त्या क्षणी मी ठरवूनही टाकलं.

दार उघडलं नाही.

दाराखालनं हात आत आला. सुरकुतलेला, पालथा नाही, उताणा. कोपरापर्यंत आत आला आणि फरशीवर तसाच थांबला. 

मी खुर्चीवरनं उतरले. हेडफोनची वायर ताणली, पुरली. फरशीवर बसले, त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हटलं, "ताई, लिहा. रुग्णाचं नाव, त्याखाली दवाखान्यात दाखल झाल्याची तारीख. लिहिलं? घाबरायचं काही नाही. मी आहे इथं." पद्मावतीला सांगत होते आणि दाराबाहेरही ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानं सांगत होते. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, पण आवाज हलला नाही. पत्रा थांबला. हात मात्र आम्ही कुणीच सोडला नाही.

पद्मावतीचं काम झालं. तिनं दुवा देऊन फोन ठेवला. मी खुर्चीवर परत येऊन बसले, पदरानं तोंड पुसलं.

"संयोगिताताई," मॅडमचा आवाज आला, "कसला तरी पत्र्याचा आवाज झाला. आणि तुम्ही मधेच कॅमेऱ्यातनं गायब झालात. खाली काय करत होतात?"

"भूकंपाचा हादरा होता, मॅडम. आमच्या सासऱ्यांनी त्या फटीतनं हात आत घातला, तो धरून बसले होते. त्यांची बहीण अशाच बंद दारामागं गेली, सदुसष्टला. आज त्यांनी दार उघडलं नाही, कारण मी नको म्हणाले होते. आता तुम्हाला काय लिहायचं ते लिहा."

पलीकडं कीबोर्डची टकटक झाली आणि थांबली.

"कॉल उत्तम झाला," मॅडम शेवटी म्हणाल्या. त्यांनी घसा साफ केला. "सोमवारपासनं सुरू करा. आणि हे बघा, त्या फटीला कापड लावू नका."

त्यांनी फोन ठेवला. मी हेडफोन काढला.

"झालं का गं?" बाहेरनं मामांचा आवाज आला.

"झालं, मामा! काम मिळालं! उघडा आता."

स्टूल सरकल्याचा आवाज झाला. मामा जागचे हलले, पण दाराला हात लावला नाही.

"मी न्हाई," ते म्हणाले. "तू उघड. आतनं उघडतंय का, बघू दे मला."

मी दार ढकललं.